देवगडचा हापूस विकायला व्हॉट्सॲप बिझनेस : सहा हंगाम थेट विकल्यावरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, ज्यांना वेळ नाही त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. आमच्यासारख्या घरच्या बागेचा आंबा थेट गिऱ्हाईकाला विकायचा असेल तर मोबाईलवर जेवढं काय काय मिळतं त्यात सगळ्यात कामाचं व्हॉट्सॲप बिझनेस, म्हणजे धंद्यासाठीचं वेगळं व्हॉट्सॲप, आणि ते फुकट आहे. इन्स्टाग्राम दोन नंबरला, पण त्याचं काम वेगळं आहे, ते पुढे सांगते. फेसबुक वयस्कर माणसांसाठी. आणि पैसे देऊन दुसऱ्याकडून पोस्ट करून घेणं मी एक हंगाम केलं, परत करणार नाही.

आमची कलमं देवगड तालुक्यात, मिठबावच्या बाजूला. साधारण दोनशे झाडं आहेत, निम्मी आजेसासऱ्यांनी लावलेली आणि निम्मी सासऱ्यांनी. २०२० पर्यंत आमचा सगळा आंबा वाशीला दलालाकडे जायचा. पेट्या भरायच्या, रात्रीच्या गाडीला द्यायच्या आणि मग पट्टी यायची वाट बघायची. पट्टीत काय असायचं, तर आलेला भाव, त्यातून वजा कमिशन, हमाली, गाडीभाडं, आणि खाली उरलेला आकडा. तो आकडा बरोबर का चूक हे विचारायला आम्ही तिथे कुठे असायचो. आणि आमचा आंबा शेवटी कोणी खाल्ला, आवडला की नाही, हे सासऱ्यांना अख्ख्या आयुष्यात कधी कळलं नाही. हे मला लग्न होऊन आल्यावर पहिल्या वर्षीच फार लागलं होतं, एवढी मेहनत आणि एक माणूस पण चांगला होता म्हणून सांगत नाही.

मग २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला. पहिल्या मोहोराचा आंबा तेव्हा काढणीला आलेला, झाडावर ठेवता येत नाही आणि काढला तर जाणार कुठे. माझी मावसबहीण पुण्यात कोथरूडला राहते, तिला फोनवर नुसतं रडगाणं सांगत होते तर ती म्हणाली आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकून बघते. तिने टाकलं आणि संध्याकाळपर्यंत चाळीस पेट्यांची मागणी आली. सासऱ्यांना सांगितलं तर ते अंगणात पेट्या ठोकत बसलेले, मान वर न करता म्हणाले, "गो, आंबे काय मोबाईलार पिकतत?" पण त्या चाळीस पेट्या पास काढलेल्या टेम्पोतून फोंडा घाटाने कोल्हापूरवरून पुण्याला गेल्या, सोसायटीच्या गेटवर उतरल्या, आणि पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात. तेव्हापासून पेट्या ठोकायच्या आधी ते मला विचारतात, किती आले गो आज.

पण पहिला हंगाम साध्या व्हॉट्सॲपवर काढला तो कसा काढला माझं मला माहीत. नातेवाईकांचे मेसेज आणि गिऱ्हाईकांचे मेसेज एकाच ठिकाणी, पत्ता एकीकडे, पैशाचा स्क्रीनशॉट दुसरीकडे, कोणी व्हॉइस मेसेजमध्ये पत्ता सांगितलेला, कोणी नवऱ्याच्या नंबरवरून ऑर्डर दिली आणि बायकोच्या नंबरवरून पैसे पाठवले. वहीत लिहीत होते तरी एका काकांना दोन पेट्या गेल्या आणि त्याच इमारतीतल्या दुसऱ्या ताईंना एकही नाही. त्या ताईंची मुलगी आंब्याची वाट बघत होती. मी माफी मागितली आणि पुढच्या गाडीने पेटी पाठवली, पैसे घेतले नाहीत. तेव्हाच ठरवलं की असं चालायचं नाही.

२०२१ च्या हंगामाआधी भाच्याने दुसरं सिम घालून व्हॉट्सॲप बिझनेस टाकून दिलं. हे ॲप २०१८ पासून आहे, मला माहीतच नव्हतं. एक गोष्ट आधीच सांगते, एकाच नंबरवर साधं व्हॉट्सॲप आणि बिझनेस दोन्ही चालत नाहीत, त्यामुळे वेगळा नंबर घ्याच. घरचा नंबर धंद्याला दिला तर पुढे बदलणं फार कठीण, कारण नंबर म्हणजेच आपलं दुकान असतं.

यातलं मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते लेबल. प्रत्येक चॅटला रंगीत लेबल लावता येतं, तयार लेबलं असतात आणि आपली पण करता येतात. माझी पाच आहेत: पैसे बाकी, पैसे आले, पेटी निघाली, पोचली, आणि साका. रात्री नऊला गाडी भरायच्या आधी मी 'पैसे आले' उघडते, त्यात जेवढी नावं तेवढ्या पेट्या ओट्यावर पाहिजेत. जेवढ्या गाडीत चढल्या तेवढी लेबलं तिथेच उभी राहून बदलते, मगच जेवते. वही अजून आहे पण ती हिशोबाला, आठवणीला नाही.

साका म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हापूसला आतून पांढरट स्पंजासारखा, आंबूस गर होतो, बाहेरून फळ सुंदर दिसतं, वास पण येतो, कापल्यावरच कळतं. उष्णतेशी त्याचा संबंध आहे, फळ फार पक्व होऊ देऊन उतरवलं की प्रमाण वाढतं. आम्ही कितीही जपून काढला तरी हंगामात काही फळं निघतातच. वाशीला पाठवत होतो तेव्हा साका कोणाच्या ताटात निघाला ते आम्हाला कळायचं पण नाही. आता कळतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये नाशिकच्या एका आजींचा फोटो आला, स्टीलच्या ताटलीत अर्धा कापलेला आंबा, मधे पांढरा डाग, खाली फक्त एवढंच लिहिलेलं, 'नातवाला हा कापला.' मला ते वाचून रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी आजींना फोन केला, अजून किती फळं तशी निघाली विचारलं, तीन म्हणाल्या, मी पुढच्या पेटीत सहा जास्त घातली. त्या दिवसापासून नियम आहे, कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या पेटीत भरून मिळतील नाहीतर पैसे परत. हा नियम मी स्वतःहून कॅटलॉगमध्ये सगळ्यात वर लिहिलाय. नवऱ्याला भीती वाटायची की लोक खोटे फोटो पाठवतील. तेव्हापासून मला संशय आला असे दोनच फोटो होते, आणि त्यांना पण मी फळं दिली. आणि त्या आजी? त्यांच्यामुळे नाशिकमधून आज तीसेक घरं आहेत माझ्याकडे. कुठल्याही जाहिरातीने मला एवढी घरं एका ठिकाणी दिली नाहीत.

क्विक रिप्लाय पण फार छान आहे. तिरकी रेघ टाकून एक अक्षर लिहिलं की आधी लिहून ठेवलेला अख्खा मेसेज येतो. माझा सगळ्यात जास्त जाणारा मेसेज पिकवण्याचा. 'पेटी आल्यावर लगेच उघडा. आंबे पेंढ्यातच ठेवा, देठ खाली येईल असे उलटे ठेवू नका, फ्रिजमध्ये अजिबात नको. रोज एकदा बघा, पिकलेला आधी काढा. वास सुटला आणि बोटाला किंचित मऊ लागला की तासभर पाण्यात ठेवून मग कापा. सालीला सुरकुती पडली म्हणजे खराब झाला असं नाही, तोच सगळ्यात गोड.' हा मेसेज जायला लागला आणि निम्म्या तक्रारी बंद झाल्या, कारण लोक पेटी तशीच बांधून ठेवायचे आणि चार दिवसांनी उघडायचे, किंवा हिरवा आहे म्हणून घाबरून फोन करायचे. शहरात दुकानात पिवळाधमक आंबा बघायची सवय असते. कार्बाईडने आंबा पिकवायला कायद्याने बंदी आहे, आमचा आंबा पेंढ्याच्या आढीत आपल्या गतीने पिकतो, त्याला आठ-दहा दिवस लागतात आणि रंग सगळ्या फळांना एकसारखा येत नाही, हे सांगावं लागतं आणि परत परत सांगावं लागतं.

कॅटलॉग म्हणजे फोटो आणि भाव लावलेली छोटी मांडणी. मी त्यात भाव लिहिते. 'भावासाठी मेसेज करा' हे मला पटत नाही, मी स्वतः गिऱ्हाईक म्हणून असं वाचलं की पुढे जाते. फळाचं वजन किती ग्रॅमचं, पेटी पाच डझनाची की पुठ्ठ्याचा खोका दोन डझनाचा, गाडीभाडं आत की वेगळं, सगळं लिहून टाकते. हंगामात भाव दर आठवड्याला बदलतो, मार्चमधला आणि मे मधला यात जमीन-अस्मानाचा फरक, तर दर सोमवारी सकाळी चहा पिताना बदलते. त्यातली कार्टमध्ये टाकून ऑर्डर करायची सोय आहे पण माझ्याकडे ती कोणी वापरत नाही, लोकांना बोलायचं असतं, 'ताई मागच्या वेळेसारखाच द्या' असा व्हॉइस मेसेज येतो आणि मला पण तेच बरं वाटतं.

आता ब्रॉडकास्ट लिस्ट. इथे खूप जण चुकतात म्हणून नीट सांगते. एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात, आणि मेसेज फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय. म्हणजे तुमच्याकडे पाचशे नंबर असले आणि त्यातल्या शंभर जणांनीच तुम्हाला सेव्ह केलं असेल तर शंभरच जणांना जाणार, बाकीच्यांना काही कळणार पण नाही. मला हे दुसऱ्या हंगामात समजलं. तेव्हापासून प्रत्येक पेटीत पेंढ्याच्या वर एक चिठ्ठी ठेवते, माझ्या हाताने लिहून झेरॉक्स काढलेली, 'हा नंबर देवगड आंबा नावाने सेव्ह करा, कलमाला मोहोर आला की पहिला फोटो तुम्हाला.' फोटोचं म्हटलं म्हणून लोक सेव्ह करतात. नुसतं सेव्ह करा म्हटलं असतं तर नसतं केलं.

ग्रुप मात्र करू नका. मी केला होता, १८० जणांचा. एकाने साक्याचा फोटो टाकला तर बाकी सगळे घाबरले, मी त्यांना फळं बदलून दिली हे कोणी वाचलंच नाही. कोणीतरी सकाळ-संध्याकाळ सुविचार टाकायला लागलं. आणि दुसऱ्या एका विक्रेत्याने ग्रुपमधून सगळे नंबर उचलून त्यांना स्वतःच्या जाहिराती पाठवल्या, चार ताईंनी मलाच फोन करून विचारलं की आमचा नंबर तुम्ही कोणाला दिलात का. लोकांनी विश्वासाने दिलेला नंबर दुसऱ्याच्या हातात गेला याचं मला अजून वाईट वाटतं. ग्रुप बंद केला, सगळ्यांना एकेकाला मेसेज करून माफी मागितली.

वर्षात मी आठ-नऊच मेसेज पाठवते. डिसेंबर-जानेवारीत मोहोराचा, मग कणी, म्हणजे बारीक फळ, धरली की एक, फेब्रुवारीत गळ झाली तर तेही सांगते, लपवत नाही. गुढीपाडव्याच्या आधी बुकिंग. अक्षय्य तृतीयेच्या आधी एक, त्या वेळी मागणी सगळ्यात जास्त असते आणि गाड्या भरलेल्या असतात म्हणून दहा दिवस आधी सांगावं लागतं. मे मध्ये भाव उतरला की एक, कारण ज्यांना एप्रिलमध्ये परवडलं नाही त्यांनी पण खायला पाहिजे. पावसाच्या तोंडावर आंबापोळी आणि फणसपोळीचा. शेवटचा जूनमध्ये, नुसता धन्यवाद, त्यात विकायचं काही नसतं. बाकी स्टेटस रोज टाकते, ते चोवीस तासांत जातं आणि ज्याला बघायचं तोच बघतो, कोणाच्या डोक्यावर बसत नाही.

२०२१ चं एक सांगायलाच पाहिजे. १६ मे ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. शेवटच्या टप्प्याचा आंबा झाडावर होता आणि बावीस जणांचे पैसे आधीच आलेले. सकाळी वारा थोडा कमी झाल्यावर बागेत गेलो तर पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे फळं पडलेली, दोन जुनी कलमं मुळासकट आडवी. सासरे एका कलमाच्या बुंध्यावर हात ठेवून उभे होते, काही बोलले नाहीत. मी पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढला, नेटवर्क जाता जाता स्टेटसला लागला, आणि मग लाईट गेली आणि टॉवर गेला. पाच दिवस काही नाही. पाचव्या दिवशी जामसंड्याला गेले तेव्हा फोनला रेंज आली आणि मेसेज एकामागोमाग एक पडायला लागले, मी बाजारात रस्त्याच्या कडेला उभी राहून वाचत होते. बावीसपैकी एकानेही पैसे परत मागितले नव्हते. 'पुढच्या वर्षी द्या', 'तुम्ही सगळे ठीक आहात ना', 'घरावर काही पडलं नाही ना'. एका काकांनी लिहिलेलं, पैसे राहू द्या, नवीन कलम लावा. ते मेसेज मी सासऱ्यांना घरी येऊन वाचून दाखवले. ज्यांनी अख्ख्या आयुष्यात पट्टीशिवाय काही बघितलं नव्हतं त्यांना लोक विचारत होते, तुम्ही ठीक आहात ना. त्या बावीस जणांना २०२२ मध्ये पहिली पेटी गेली, भाव २०२१ चाच.

इन्स्टाग्रामबद्दल. रील्स भारतात जुलै २०२० मध्ये आल्या, टिकटॉक बंद झाल्यावर लगेच, आणि तेव्हापासून आमच्याकडच्या बऱ्याच बागायतदारांची मुलं टाकायला लागली. माझी एक रील खूप चालली, नवरा झेल्याने आंबा काढतोय आणि फळ अलगद जाळीत पडतंय, देठ तसाच, चीक न सांडता. नव्वद हजार लोकांनी बघितली. ऑर्डर आल्या सात. बाकी सगळे भाव विचारून गेले, त्यातले कितीतरी दिल्ली, हैदराबाद इकडचे, जिथे आमची गाडीच जात नाही. पहिल्यांदा मी नाराज झाले होते, पण नंतर लक्षात आलं की इन्स्टाग्रामचं काम ते नाही. नवीन माणसाला कोणीतरी माझा नंबर देतं, तो आधी पैसे पाठवायचे म्हणून बिचकतो, मग माझं इन्स्टा उघडतो आणि त्याला डिसेंबरपासूनचा मोहोर दिसतो, फवारणी दिसते, सासरे पेट्या ठोकताना दिसतात, मागच्या वर्षीचं पण दिसतं. मग त्याला खात्री पटते की बाग खरी आहे आणि मग तो व्हॉट्सॲपवर येऊन पैसे पाठवतो. कितीतरी जणांनी मला हे स्वतः सांगितलंय. म्हणून व्ह्यूज किती ते मी आता बघत नाही, पण आठवड्यातून एकदा तरी खरं काहीतरी टाकते, हंगाम नसला तरी. पावसाळ्यात खत घालताना, ऑक्टोबरमध्ये गवत काढताना. बारा महिने काम असतं हे लोकांना कळायला हवं.

बूस्ट, म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवणं, दोनदा केलंय, दोन-दोन हजारांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी असतो ते धरून चला. पहिल्यांदा मी अख्खा महाराष्ट्र निवडला आणि पैसे वाया गेले, ती माझी चूक. दुसऱ्यांदा फक्त पुणे आणि पिंपरी-चिंचवड, अक्षय्य तृतीयेच्या पंधरा दिवस आधी, तेव्हा अकरा नवीन घरं जोडली गेली. गाडी जिथे जाते तेवढ्याच गावांना जाहिरात दाखवा, बाकीचं सोडून द्या.

आता ते पैसे देऊन करून घेतलेलं. २०२३ मध्ये माझी डिलिव्हरी होती, फेब्रुवारीत बाळ झालं, फोन बघायला वेळच नव्हता म्हणून एका सोशल मीडिया एजन्सीला तीन महिन्यांचे पंचवीस हजार दिले. नाव घेत नाही. त्यांनी रोज एक पोस्टर टाकायचं कबूल केलं आणि टाकलं पण. तिसऱ्या दिवशीच पुण्याहून एका जुन्या काकांचा फोन, "ताई, हे आंबे कुठले? हापूस असा लाल कधीपासून व्हायला लागला?" मी उघडून बघितलं तर पोस्टरवर परदेशी जातीचा तांबड्या गालांचा आंबा, इंटरनेटवरून उचललेला, आणि खाली लिहिलेलं देवगड हापूस. काका चौदा पेट्या घेणारे, त्यांना हापूस डोळ्यांनीच कळतो. मी एजन्सीला फोन केला तर म्हणाले मॅडम रंग उठून दिसतो. मी त्यांना आमच्या आंब्याचे चाळीस फोटो पाठवले, त्यावर त्यांनी फिल्टर मारून ते भगवे केले. मजकूर पण असा की साडी विकायची असली तरी चालला असता, 'या उन्हाळ्यात गोडवा साजरा करा'. आमच्याकडे कोणी असं बोलत नाही. दीड महिन्यात थांबवलं आणि बाळाला मांडीवर घेऊन परत मीच टाकायला लागले. दोन दिवसांनी एक टाकला तरी चालतो, पण फोटो आपल्या ओट्यावरचा पाहिजे, त्यात मागे घमेलं दिसलं तरी दिसू दे.

हापूसच्या नावावर दुसरा आंबा खपवणं ही आमची फार मोठी दुखरी जागा आहे, म्हणून मी यावर एवढं लिहिते. २०१८ मध्ये हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तरी बाजारात देवगड छापलेल्या खोक्यात कुठला कुठला आंबा असतो. २०२५ च्या हंगामापासून देवगडात फळावर कोड असलेला स्टिकर लावायला सुरुवात झाली, गिऱ्हाईकाने त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की आंबा कुठला ते तपासता येतं. आमच्या पेट्यांतल्या फळांना लावले तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या ताईंनी पण हौसेने तपासून मला स्क्रीनशॉट पाठवले. हे मला फार आवडलं, जे बोट रोज व्हॉट्सॲपवर फिरतं त्याच बोटाने खरं-खोटं बघता येतं.

फसवणुकीचं पण सांगते. २०२४ मध्ये कोणीतरी माझे फोटो, सासऱ्यांचा पण फोटो, उचलून दुसऱ्या नावाने अकाउंट काढलं आणि लोकांकडून ॲडव्हान्स घेतला. मला कळलं ते एका मुलीने ओरडून फोन केल्यावर, तिचे अडीच हजार गेले होते आणि तिला वाटलं आम्हीच ते. तिला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करायला सांगितलं, आणि मी सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार केली, अकाउंट रिपोर्ट करायला माझ्या सगळ्या जुन्या गिऱ्हाईकांना सांगितलं, दोन दिवसांत ते गेलं. तेव्हापासून नवीन माणसाला मी आधीच सांगते, हवं तर व्हिडिओ कॉल करा, मी बागेत उभी राहून बोलते. आणि दुसरी फसवणूक विक्रेत्याची, कोणीतरी दहा पेट्या एकदम मागतं आणि पैसे घ्यायला क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका म्हणतं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की आपले जातात. वाडीतल्या एका ताईंचे गेलेत, म्हणून प्रत्येकाला सांगत असते.

फेसबुक पेजवर तरुण कोणी येत नाही, पण मुंबईतले आमचे चाकरमानी, साठीच्या पुढचे, ते तिथेच असतात. मोहोराचा फोटो टाकला की खाली गप्पा सुरू होतात, कोणाची कलमं कुठे होती, कोणाच्या पायरी आंब्याखाली कोण खेळायचं. ते आपल्या मुलांना टॅग करतात आणि मुलं ऑर्डर देतात. गुगलवर पण बागेचं नाव टाकून ठेवलंय, फुकट आहे, लोकांना मराठीत रिव्ह्यू लिहायला सांगते, एवढंच.

व्हॉट्सॲप बिझनेसमधल्या मला खटकणाऱ्या गोष्टी म्हणजे ती २५६ ची मर्यादा, माझ्या आता तीन लिस्टा आहेत आणि कोण कशात हे लक्षात ठेवावं लागतं. आणि फोन. हंगामात रात्री अकराला पण वाजतो, लोकांना वाटतं दुकान उघडंच आहे. त्यावर अवे मेसेज लावा, माझा रात्री नऊ ते सकाळी सात लागतो, 'आत्ता पेट्या गाडीत चढतायत, सकाळी उत्तर देते.' लोक समजून घेतात. आणि बॅकअप चालू आहे ना ते आधी बघा, फोन विहिरीत पडला तर सगळी गिऱ्हाईकं त्याच्यासोबत जातील, हे मी शेजारच्या घरात झालेलं बघितलंय.

आता आमचा साधारण साठ टक्के आंबा थेट घराघरांत जातो, बाकीचा अजून वाशीला आणि कॅनिंगला, कारण मे मध्ये एकदम येणारा सगळा माल आम्हाला दोघांना पोचवता येत नाही. खूप मोठं करायचं माझ्या मनात पण नाही. जेवढ्या घरांशी मी स्वतः बोलू शकते तेवढीच घरं बरी.

या वर्षी थंडी लवकर पडली, खालच्या अंगाच्या कलमांना पालवी जून झालीय आणि काल दोन फांद्यांवर मोहोराचे कोंब दिसले. फोटो काढलाय, पण अजून पाठवला नाही. सासरे म्हणाले फुलूदे नीट, मग पाठव.